चौथ्या वाटीचा आमरस

बारावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात एक गृहस्थ राहतात. त्यांना नाव नाही, गाव नाही, बायकामुलं नाहीत आणि मुख्य म्हणजे सासुरवाडी नाही. पुस्तक त्यांना 'विवेकशील उपभोक्ता' म्हणतं. त्यांना आयुष्यात एकच काम. एकाच वस्तूचे नग एकामागून एक खायचे आणि प्रत्येक नगागणिक किती समाधान झालं, त्याचा आकडा सांगायचा. पहिल्या नगाला दहा, दुसऱ्याला आठ, मग सहा, चार, दोन. सहाव्या नगाला शून्य. सातव्याला उणे दोन. शेवटच्या नगाने एकूण समाधानात जी भर घातली ती त्याची सीमांत उपयोगिता, आणि नग वाढत जातात तशी ही भर आटत जाते, हा घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत. तक्ता आणि आकृतीसकट लिहिला की गुण पूर्ण.

सहाव्या नगानंतर हे गृहस्थ हात धुतात. विवेकशील असल्यामुळे त्यांना ते जमतं. तक्त्यात मात्र सातव्या नगाची ओळ असतेच, उणे दोनवाली. ती आकृतीची रेघ आडव्या अक्षाखाली न्यायला लागते, एवढंच तिचं काम. हा सातवा नग प्रत्यक्षात खातं कोण, हे कुठलंही पुस्तक सांगत नाही. महाराष्ट्रात तो रोज दुपारी साडेबारा ते तीन या वेळात खाल्ला जातो. वर, "आता अगदी शेवटचं हं," असं म्हणत आठवाही.

सिद्धांताचा जन्म मात्र अगदी करुण आहे. हर्मान हाइनरिश गोसेन नावाच्या एका माजी प्रशियन सरकारी नोकराने १८५४ साली तो पहिल्यांदा पद्धतशीर मांडला. आकाशातल्या ग्रहांसाठी कोपर्निकसने जे केलं, तेच आपण माणसांच्या व्यवहारासाठी केलं आहे, असं त्यांनी प्रस्तावनेतच जाहीर करून टाकलं. पुस्तकात प्रकरणांना मथळे नव्हते, गणित भरपूर होतं. ते खपलं नाही. १८५८ मध्ये गोसेननी उरलेल्या प्रती बाजारातून परत घेतल्या आणि त्याच वर्षी ते वारले. पहिला नग सर्वात प्रिय असतो हे सांगणाऱ्या पुस्तकाचा पहिला नगच कोणाला नको होता. मराठी लेखकांना यातलं दुःख वेगळं समजावून सांगायला नको.

मग १८७१ मध्ये मँचेस्टरला विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स आणि व्हिएन्नात कार्ल मेंगर, १८७४ मध्ये लोझानला लेऑं वालरास, अशा तिघा अर्थशास्त्रज्ञांनी एकमेकांना न विचारता तीच गोष्ट पुन्हा शोधून काढली. जेव्हन्सना गोसेनच्या पुस्तकाचा पत्ता १८७८ मध्ये लागला आणि पुढच्याच वर्षी आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी श्रेय देऊन टाकलं. असं श्रेय देणं ही वस्तू आजही दुर्मीळच, त्यामुळे तिची सीमांत उपयोगिता फार मोठी.

या तिघांनी ॲडम स्मिथचं एक जुनं कोडं सोडवलं. स्मिथने १७७६ मध्ये विचारलं होतं की पाण्यावाचून माणूस जगत नाही, तरी पाणी जवळजवळ फुकट. हिऱ्यावाचून कोणाचं अडत नाही, तरी हिरा महाग, असं का? उत्तर असं की किंमत सगळ्या पाण्याची नसते, हाताशी असलेल्या शेवटच्या बादलीची असते. ज्याच्या नळाला दिवसभर पाणी आहे, तो शेवटची बादली गाडी धुवायला वापरतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वेगाडी आली. पाणी तेच होतं, बादली कितवी, एवढाच फरक होता. हिऱ्यांसाठी रेल्वेने कधी गाडी सोडल्याचं ऐकिवात नाही.

पाण्याच्या बाबतीत हसण्यासारखं फार नाही. पाणीपुरीच्या बाबतीत आहे.

सिद्धांताला बऱ्याच अटी असतात. सगळे नग अगदी सारखे हवेत. दोन नगांमध्ये खंड पडता कामा नये. आकार वाजवी हवा, म्हणजे थेंबभर पाणी किंवा चिमूटभर भात चालणार नाही. मधल्या काळात माणसाची आवड बदलू नये. मुलं या अटी घोकतात आणि 'वास्तवात त्या आढळत नाहीत' अशी टीका उत्तराच्या शेवटी लिहितात. ही टीका लिहिणाऱ्याने क्लासवरून घरी जाताना वाटेतल्या गाडीकडे नीट बघितलेलं नसतं. पाणीपुरीच्या गाडीवर यातली प्रत्येक अट पाळली जाते. पुऱ्या एका घाण्याच्या, आकार बरोबर एका घासाचा, आणि खंड पाडायची मुभा खाणाऱ्यालाच नसते, कारण द्रोण रिकामा झाला की पुढची पुरी त्यात येऊन पडतेच.

पाच जणांचं कोंडाळं असतं. गाडीवाला अंगठ्याने पुरी फोडतो, रगडा भरतो, मडक्यात हात मनगटापर्यंत बुडवतो आणि ठिबकती पुरी नेमक्या माणसाच्या द्रोणात ठेवतो. कोणाची कितवी, कोणाची तिखट, कोणाला कांदा नको, हे सगळं त्याच्या डोक्यात. पहिल्या पुरीला खाणाऱ्याचे डोळे आपोआप मिटतात. दुसरीला मान हलते. तिसरीला शेजारच्या मैत्रिणीशी बोलावंसं वाटतं, म्हणजे पुरीवरचं लक्ष उडालं. चौथीला फोन बाहेर येतो. पाचवीला नाकातून पाणी. सहावी तोंडात धरून माणूस इकडे तिकडे बघतो, कारण गिळायची घाई उरलेली नसते. दहा, आठ, सहा, चार, दोन, शून्य. गोसेननी हे बघितलं असतं तर पुस्तकाच्या प्रती परत घेतल्या नसत्या.

आणि इथेच, शून्यावर पोचलेला तोच माणूस, हात पुढे करून म्हणतो, "भैया, एक सुकी."

ही सुकी पुरी वेगळी वस्तू आहे, तिचा आलेख पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, असं एखादा प्राध्यापक म्हणेल. म्हणू दे. खरं कारण असं की ती फुकट असते. अमेरिकेत तिघा संशोधकांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंची चॉकलेट पंधरा सेंटला आणि साधं एका सेंटला ठेवलं, तेव्हा गिऱ्हाइकांतले शेकडा ७३ जण उंची चॉकलेटकडे गेले. मग दोन्ही भाव एकेका सेंटने उतरवले. उंची चौदा, साधं शून्य. फरक होता तेवढाच राहिला, पण आता ६९ टक्के लोकांनी साधं उचललं. मंडईतल्या कुठल्याही भाजीवालीने हा निष्कर्ष संशोधनाचं अनुदान न घेता सांगितला असता. ती भेंडी नेहमीच्या भावापेक्षा दहा रुपये चढी लावते, वर चार काड्या कढीपत्ता आणि मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकते, आणि गिऱ्हाईक घरी जाऊन सांगतं की बाई मोठी चांगली आहे.

पाणीपुरीवाल्याकडे प्रत्येक प्लेटचे पैसे पडतात, म्हणून तिथे माणूस फार तर शून्यापर्यंत जातो. उणे दोनच्या मुलखात शिरायचं तर अमर्याद थाळीच हवी.

अमर्याद थाळीला अर्थशास्त्रात अगदी सरळ नियम आहे. एरवी प्रत्येक नगाला किंमत असते, म्हणून नगाचं समाधान किमतीइतकं उतरलं की माणूस थांबतो. थाळीत पैसे एकदाच द्यायचे, त्यानंतरचा प्रत्येक फुलका शून्य रुपयांना. तेव्हा समाधान शून्यावर येईल तिथे थांबावं. त्यापुढचा घास म्हणजे निव्वळ तोटा. हा नियम पुस्तकातल्या गृहस्थांना कळतो, कारण ते एकटे जेवायला जातात. मराठी माणूस थाळीला एकटा जात नाही. तो रविवारी, वाढदिवसाला, किंवा 'एकदा आमरस थाळी करू या' असं एप्रिलपासून घोकत मे महिन्यात सहकुटुंब जातो.

तयारी सकाळी सुरू होते. पोहे रद्द. "दुपारी जायचंय ना, मग आत्ता फक्त चहा." समजा माणशी पाचशे रुपये दर आहे आणि माणसं सहा. आजोबा पहिल्यापासून सांगत असतात की मी दोन फुलक्यांचा माणूस, माझ्यासाठी वेगळी थाळी कशाला, मी तुमच्यातलंच थोडं घेईन. पण तसं थोडं घ्यायची सोय नाही, हे भिंतीवरच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. पाट्या लिहिण्याचं काम पुण्यात कोणी हलक्या हाताने करत नाही. तेव्हा आजोबांची थाळी घ्यावी लागते, आणि आजोबा खरोखरच दोन फुलक्यांचे असल्यामुळे त्यांची तूट बाकीच्यांनी भरून काढायची, असं न बोलता ठरतं. साडेबाराला सगळे बसतात तेव्हा ते जेवायला बसलेले नसतात, वसुलीला बसलेले असतात.

मालक यापेक्षा हुशार असतो, म्हणून तर तो मालक. बसल्या बसल्या ताकाचा ग्लास भरला जातो. मग फरसाण येतं: ढोकळा, कचोरी, वर चटण्या. तूप लावलेले फुलके ताटात पडत राहतात. वाढपी आपापसांत हाताच्या खुणा करतात आणि खिचडीचं पातेलं नेमकं त्या वेळी येतं, जेव्हा गिऱ्हाइकाची नजर आमरसाच्या भांड्याचा शोध घेत असते. स्वस्त आणि पोट भरणारं पुढे, महाग आणि पातळ मागे. आमरसाची वाटी तर भातुकलीतून आणल्यासारखी. यावर घरातल्या अनुभवी आत्याबाईंचा उतारा तयार असतो. त्या मुलांना दबक्या आवाजात सांगतात, "ताकाला हात लावू नका. पुऱ्यांनी पोट भरू नका. भात घेतलात तर बघा." एखाद्या महाविद्यालयाने त्यांना पर्याय निवडीच्या तासाला पाहुण्या वक्त्या म्हणून बोलवायला हरकत नाही.

थाळीची आणखी एक चलाखी आहे आणि ती नुसती मालकाची नव्हे, निसर्गाची आहे. एकाच चवीचा कंटाळा त्या चवीपुरता येतो, पोटापुरता नाही. संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना चार वेगवेगळ्या सारणांची सँडविचं दिली, तेव्हा त्यांनी एकाच सारणाच्या सँडविचांपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं. चार सारणांवर ही गत. इथे दोन कोरड्या भाज्या, दोन रस्सा, गोड डाळ, तिखट डाळ, कढी, कोशिंबीर, लोणची आणि दोन गोडाचे पदार्थ आहेत. घटत्या उपयोगितेची रेघ खाली यायला लागते न लागते तोच नवा पदार्थ तिला खांदा देऊन वर चढवतो. पुस्तकातले नग सगळे सारखे असावे लागतात ते याचसाठी. थाळीपुढे सिद्धांत टिकला नसता.

पावणेदोनच्या सुमाराला टेबलावरचं बोलणं बंद पडतं. आमरसाची पहिली वाटी सगळ्यांनी 'वा' म्हणून घेतली होती. दुसरी गप्पांत गेली. तिसरी घेताना काकांनी पट्टा एक भोक सैल केला. चौथी आली तेव्हा ते तिच्याकडे बघत नव्हते, बिलाकडे बघत होते. ती वाटी त्यांनी दोन घोटांत संपवली. चेहऱ्यावर समाधानाचं चिन्ह नव्हतं, कर्तव्याचं होतं.

हीच ती उणे दोनची ओळ. दिलेले पाचशे रुपये चौथी वाटी खाऊन परत येत नाहीत आणि न खाल्ल्याने जातही नाहीत. ते दाराशीच गेले. पण गेलेल्या पैशाला गेलेला मानायला माणसाचं मन तयार होत नाही. १९८५ साली हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या संशोधकांनी ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात केलेली एक गंमत प्रसिद्ध केली. हंगामाची तिकिटं घ्यायला आलेल्या काहींना पूर्ण दराने तिकीट दिलं आणि काहींना, त्यांनी न मागता, सवलत देऊन टाकली. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे मोजलेल्यांनी जास्त नाटकं बघितली. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. पुण्यात हे सिद्ध करायला नाट्यगृह लागणार नाही. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात हंगामी तिकीट काढून, शाल डोक्यावरून घेऊन, विलंबित ख्याल चालू असताना शांत झोपलेला एखादा रसिक दाखवला तरी पुरे. त्याला उठवून 'घरी जा' म्हटलं तर तो दुखावतो. पाच दिवसांचे पैसे भरलेत.

तरी वसुलीचा सातवा नग माणूस स्वतःच्या हाताने खातो. आग्रहाचा सातवा नग दुसऱ्याच्या हाताने पोटात जातो, आणि त्याचा हिशोब पुस्तकाला अजिबात मांडता आलेला नाही.

एफ. वाय. एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये एका यंत्राची कल्पना केली होती, हेडोनिमीटर. माणसाला क्षणाक्षणाला किती सुख होतंय याची नोंद ते यंत्र करत राहील. यंत्र कधी झालं नाही. एजवर्थ जन्मभर अविवाहित राहिले, त्यामुळे असं यंत्र सासूबाईंच्या डोळ्यांत बसवलेलं असतं, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. जावईबापूंनी पुरणपोळीचा दुसरा तुकडा मोडताना अर्धा क्षण जास्त घेतला, की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून आवाज येतो, "आवडली नाही वाटतं?" हा प्रश्न नसतो. हे तिसऱ्या पोळीचं प्रास्ताविक असतं.

पंगतीतल्या 'नको'ला ठरलेले भाव असतात. पहिला 'नको' मोजतच नाहीत, तो शिष्टाचार. दुसरा 'नको' हात हलवून म्हणावा लागतो. तिसऱ्याला पानावर आडवा हात धरायचा, आणि मुरलेला वाढपी बोटांच्या फटीतून जिलेबी खाली सोडतो. "एकच हो, तोंड गोड करा," असं म्हणत दोन पडतात. जुन्या पंगतींत तर जेवणं आटोपत आली की जिलेब्यांच्या पैजा लागत, पोट भरल्यावर. म्हणजे जिथे पुस्तकाचा आलेख संपतो तिथून खेळाला सुरुवात.

यात वेडेपणा आहे असं पुस्तकाला वाटेल, पण हिशोब वाटतो तेवढा कच्चा नाही. सातव्या जिलेबीने पाहुण्याचं समाधान दोनने घटलं, मान्य. पण 'आमच्याकडे देशपांड्यांनी सात जिलेब्या खाल्ल्या' या वाक्यामुळे यजमानांचं दहाने वाढलं. वाढप्याचा रुबाब वाढला तो वेगळाच. शेजारच्या पानावरच्यांना बघायला करमणूक मिळाली. बेरीज अधिकच भरते. तक्त्यात ती दिसत नाही, कारण तक्त्यात खाणाऱ्याचा एकच रकाना आहे. खिलवणाऱ्याला रकाना ठेवलेलाच नाही, आणि मराठी जेवणातला निम्मा व्यवहार त्या रकान्यात होतो. देशपांडे संध्याकाळी ओव्याचा अर्क घेतात, तो खर्च मात्र कोणी धरत नाही.

माणूस एकटा निवड करतो, या समजुतीची सगळ्यात मोठी फजिती आंब्याच्या दिवसांत होते. पॉल सॅम्युअल्सन यांनी १९३८ मध्ये अर्थशास्त्रज्ञांना मोठा दिलासा दिला. मनातलं सुख मोजायच्या भानगडीत पडूच नका, म्हणाले. माणूस दोन वस्तू परवडत असताना कोणती उचलतो ते बघा, त्यावरून त्याची पसंती कळते. आता हा नियम घेऊन एखादा संशोधक मे महिन्यात कोणत्याही मराठी स्वयंपाकघरात बसला, तर त्याला काय दिसेल? आई आंबा कापते. दोन गुबगुबीत फोडी मुलांच्या ताटल्यांत, बाजूच्या चिरी नवऱ्याला, आणि कोय स्वतःला. विचारलं तर म्हणते, "मला कोयच आवडते." समोर फोडी असताना तिने कोय उचलली, रोज उचलली, तीस वर्षं उचलली. संशोधक वहीत लिहून घेईल: महाराष्ट्रातील महिलांना आंब्याच्या कोयीची तीव्र आवड. त्या वहीवर त्याला पदवीही मिळेल.

आंब्याच्या पेटीची वाटणीही बघण्यासारखी असते. ऑयगेन फॉन ब्योम-बावेर्क या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाने १८८९ च्या सुमाराला रानात एकट्या राहणाऱ्या एका शेतकऱ्याचं उदाहरण दिलं. त्याच्याकडे धान्याची पाच पोती. पहिलं जगण्यापुरतं, दुसरं अंगात ताकद राहावी म्हणून, तिसरं कोंबड्यांना, चौथं दारू गाळायला, पाचवं करमणुकीसाठी पाळलेल्या पोपटांना. एक पोतं गेलं तर शेतकरी स्वतः उपाशी राहणार नाही, पोपटांचं खाणं बंद करील. म्हणून कुठल्याही एका पोत्याची किंमत पोपटांच्या दाण्याइतकीच. रत्नागिरीहून आलेल्या पेटीत हीच उतरंड असते. अढीतला पहिला पिकलेला देवापुढे. मग घरचे. मग बहिणीकडे चार, साहेबांकडे सहा, पण साहेबांकडचे निवडून, देठाशी हुंगून. मेच्या शेवटी पाऊस तोंडावर येतो, घरभर वास कोंदतो, आणि डागाळलेले, साका निघेल असा संशय असलेले तीन कामवाल्या मावशींच्या पिशवीत जातात, 'मुलांना द्या हं' असं सांगून. ब्योम-बावेर्कच्या उदाहरणात पाचवं पोतं पोपटांना जातं आणि पोपटांचं मत कोणी विचारत नाही. मावशींनाही आंबा कसा निघाला, असं सहसा कोणी विचारत नाही.

पुण्याच्या तुळशीबागेत तर दुसऱ्या माणसामुळे थेट रोख नुकसान होतं. वस्तूसाठी जास्तीत जास्त जेवढे द्यायची तयारी असते आणि प्रत्यक्षात जेवढे पडतात, त्यातल्या फरकाला आल्फ्रेड मार्शल यांनी उपभोक्त्याचं संतोषाधिक्य असं नाव दिलं. १८९० च्या त्यांच्या ग्रंथापासून विद्यार्थी त्याचा त्रिकोण रंगवत आलेत. तुळशीबागेतली बाई तो त्रिकोण चेहऱ्यावर दिसू न देण्यात तरबेज असते. खड्यांचे कानातले हवेत तर ती आधी बांगड्यांची चौकशी करते. मग कानातल्यांकडे बोट न दाखवता हनुवटी दाखवते. "हे कितीला?" तीनशे. "शंभरला देताय का?" दुकानदार हसतो, अडीचशेवर येतो. ती वळते, चार पावलं जाते. पाचव्या पावलाला दीडशेची हाक येणार, हे तिला ठाऊक आहे आणि त्यालाही. नेमक्या त्या चौथ्या पावलावर सोबतचा नवरा म्हणतो, "अगं, हेच ना तू गेल्या वर्षीपासून शोधत होतीस?"

अडीचशेच पडतात. संतोषाधिक्य दुकानदाराच्या गल्ल्यात जातं, आणि नवऱ्याला आपण काय केलं ते लक्ष्मी रस्त्यावर येईपर्यंत कळत नाही.

पुस्तकाच्या शेवटी सिद्धांताच्या अपवादांची यादी असते. छंद, कंजुषी, व्यसन, पैसा, सत्ता. दुर्मीळ नाणं जमवणाऱ्याला पुढचं नाणं जास्त प्यारं असतं, पुढारी एकदा निवडून आला म्हणून घरी बसत नाही, वगैरे. लगेच खाली लिहिलेलं असतं की हे अपवाद वरवरचे आहेत. असतीलही. पण यादीत मराठी घरातला सर्वात ठळक अपवाद यायचा राहिला आहे. तो म्हणजे पिशवी. प्रत्येक घरात ओट्याखाली किंवा दारामागे एक मोठी पिशवी असते, तिच्यात पिशव्या. त्यांतल्या काहींत आणखी पिशव्या. साडीच्या दुकानाच्या जाड, औषधांच्या दुकानाच्या पातळ, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या. शंभरावी पिशवी घरात आली तरी पहिलीइतक्याच मायेने तिची घडी घातली जाते.

यात हसण्यासारखं काही नाही, कारण साथ थोरांची आहे. घटती उपयोगिता जगाला शिकवणाऱ्या जेव्हन्सना आधी कोळसा संपेल अशी धास्ती होती, त्यावर त्यांनी १८६५ मध्ये पुस्तकही लिहिलं. मग कागद संपेल असं वाटू लागलं. त्यांनी लिहायचा कागद आणि बांधाबांधीचा तपकिरी कागद घरात इतका भरून ठेवला की, अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३६ मध्ये नोंदवलं, जेव्हन्स जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी त्यांच्या मुलांना तो तपकिरी साठा संपवता आलेला नव्हता. स्वतःच्या सिद्धांताला घरात शिरू न देणारा हा माणूस मराठी गृहिणीला एका क्षणात आपला वाटला असता.

फरक इतकाच की तपकिरी कागदावर इंग्लंडात बंदी आली नाही. महाराष्ट्रात २०१८ च्या मार्चमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदीचा आदेश निघाला आणि २३ जूनपासून अंमल सुरू झाला. वापर बंद, विक्री बंद, साठवणही बंद. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड, दुसऱ्याला दहा. दारामागच्या शंभर पिशव्यांतली एखादी बाहेर काढली की तिची सीमांत उपयोगिता सरकारी दराने उणे पाच हजार. इतका स्पष्ट आकडा पुस्तकातल्या गृहस्थांनाही कधी मिळाला नव्हता. ते असते तर त्यांनी त्याच संध्याकाळी सगळा गठ्ठा महापालिकेच्या संकलन केंद्रावर नेऊन दिला असता. घरोघरी तसं काही झालं नाही. जुन्या चादरीची एक चांगली मोठी कापडी पिशवी शिवून घेतली गेली आणि सगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, नीट घड्या घालून, तिच्यात भरून ठेवण्यात आल्या.